स्वस्त भांडारात मी पाठ फिरवतो

पाठ कशी फिरवावी हे शिकवणारी शाळा कुठे नाही. असती तर तिचा हेडमास्तर मीच झालो असतो. हे मी म्हणत नाही हो, आमची पेठ म्हणते. जळगावात आमच्या पेठेत कुणाचं लग्न ठरलं की आधी भटजींकडे मुहूर्त विचारायला जायचं आणि तिथून थेट माझ्याकडे, बस्त्याचं आमंत्रण द्यायला. बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडाची खरेदी. घरची माणसं, शेजारची माणसं, व्याही आणि व्याह्यांचे मेहुणे असा सगळा लवाजमा कापडवाल्याच्या गादीवर सकाळपासून ठिय्या देऊन बसतो. बाकीचे सगळे चहा प्यायला आलेले असतात. भाव करायला एकटा मी.

माझी रीत अशी. कापड आधी दोन बोटांत धरायचं, मेलेली पाल धरावी तसं. भाव विचारायचा आणि ऐकून हसायचं. मग आपला भाव सांगायचा. तो ऐकून दुकानदार कानाला हात लावतो. लावू द्यावा, बिचाऱ्याला तेवढंच समाधान. मग छत्री उचलायची, "चला हो" म्हणायचं आणि पाठ फिरवायची. कच्चा माणूस फसतो तो इथे. तो मागे बघतो. मागे बघितलं की संपलं! बघायचं नाही, चालत राहायचं, आणि हाक येतेच येते: "अहो तोतारामनाना, या, या! तुमचं नको, माझं नको, मधलं घ्या!" पण पहिल्या हाकेला वळायचं नाही. हे मी मरताना मुलांना सांगून जाणार आहे. दुसरी हाक येऊ द्यायची, आणि मग, कोणी भलत्यालाच बोलावत असेल अशा चेहऱ्याने, सावकाश वळायचं.

तर अशा माणसाच्या पेठेत, हाकेच्या अंतरावर, त्या वर्षी चैत्रात एक दुकान उघडलं.

कपाशीतली सरकी काढायचा एक जुना जिन बंद पडून बरीच वर्षं झाली होती. त्याच्या गोदामात घुबडं आणि पत्ते खेळणारे एवढेच राहत. ते गोदाम नूर महंमद नावाच्या माणसाने घेतलं, चुना लावला आणि दारावर बोर्ड चढवला: 'स्वस्त भांडार. सर्व माल एका छताखाली. भाव एकच. घासाघीस करून आम्हांस लाजवू नये.' बोर्ड वाचून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. लाजवू नये म्हणे! घासाघीस काय गुन्हा आहे का? घासाघीस म्हणजे गिऱ्हाइकाने दुकानदाराला दिलेला मान आहे. तुझ्या मालात माझा जीव अडकलाय एवढंच आपण त्याला सांगत असतो, फक्त शिव्यांच्या भाषेत.

पण पेठेला माझ्या मताशी काय घेणं? शेजारच्या मंदाबाई पहिल्याच दिवशी जाऊन आल्या आणि आमच्या ओट्यावर येऊन सांगू लागल्या. तांदूळ आहेत, साबण आहे, बांगड्या आहेत, कंदील आहेत, पाट्या-पेन्सिली आहेत, आणि सगळं उघडं मांडलंय, हाताने उचलून बघावं! "आणि यशोदाबाई, एक लुगडं शे तठे. जांभळं. पिवळा काठ. आपली पुष्पा नेसनी ना, तं बठ्ठी आखाजी तिनाकडेच पाहीन."

झालं. यशोदाबाई म्हणजे आमची मंडळी, माहेर धुळ्याकडचं, सोनगीरचं. लेक पुष्पा दिलीय धुळ्याला, आणि लग्नानंतरची तिची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येणार, झोक्यावर बसणार, गाणी म्हणणार, आणि अंगावर माहेरचं नवं लुगडं नसेल तर सासरी परत जाताना मान खाली घालून जाणार. हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"माले तेच लुगडं पाहिजे," यशोदाबाई म्हणाली. "जा आन् लई या. भाव करू नका, तठे भाव करत नहीत."

ओट्यावर तेव्हा हिलालआबाही बसले होते. आबा म्हणजे पोलिसातून पेन्शनीत निघालेले जमादार, समोरच राहतात, दिवसातून निम्मा वेळ आमच्याकडे. ते हसले. "बस् नाना! तुमचं राज्य संपलं आता."

आबा हसले नसते तर पुढचं काही घडलं नसतं. मी उभा राहिलो आणि चार माणसांत बोलून गेलो, "त्या लुगड्यावर जो भाव लिहिलाय, त्याच्या दोन आणे खाली आणून दाखवतो. नाही आणलं तर पेठेतल्या बस्त्याला पुन्हा पाय ठेवणार नाही!"

बोललेले शब्द गिळता येत नाहीत, आणि मंदाबाई ऐकत असतील तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर भांडारात गेलो. आता खरं सांगतो, आत पाऊल टाकलं आणि मी बघतच राहिलो. मला त्या दुकानाचा राग यायला हवा होता, मी रागाची तयारी करून गेलो होतो, पण काय ते दुकान! गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक मेजं, त्यांवर माल नुसता हारीने मांडलेला. पितळी तपेल्यांत तोंड दिसत होतं. डाळींच्या पोत्यांत खडा दिसेना. वरून कौलं काढून काचा बसवल्या होत्या, तेव्हा कापडाचा रंग दिव्याखाली एक आणि बाहेर दुसरा ही जुनी चोरीच बंद. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर भाव. कोणी "काय पाहिजे, काय पाहिजे" करत अंगावर येईना. खेड्यावरून आलेल्या बायका, ज्यांना कापडवाला गादीच्या कडेलाही नीट बसू देत नाही, त्या खुशाल हाताने कापड चाचपून बघत होत्या आणि बघून ठेवून देत होत्या. कोणी त्यांना एक शब्द बोललं नाही. मला ते फार आवडलं. आवडलं याचाच मग राग आला.

जांभळं लुगडं एका दांडीवर टांगलेलं होतं. मंदाबाई आयुष्यात प्रथमच खरं बोलल्या होत्या. पुष्पाचा रंग सावळा, तिच्या आईसारखा. त्या रंगावर ते लुगडं कसं दिसेल हे मला उभ्याउभ्या दिसलं आणि क्षणभर वाटलं, नाना, पैसे टाका आणि घ्या. पण मग हिलालआबांचं हसणं आठवलं.

मी लुगड्याचा पदर दोन बोटांत धरला. नूर महंमद जवळच उभे होते, पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, डोळ्यांवर चष्मा. मी म्हटलं, "भाव काय?"

"चिठ्ठीवर आहे, नाना."

त्यांना माझं नाव माहीत होतं! मी सुखावलो. हसून म्हटलं, "ते चिठ्ठीवरचं राहू द्या. द्यायचं काय बोला."

"चिठ्ठीवरचंच द्यायचं."

"दोन आणे कमी घ्या."

मला वाटलं कानाला हात लावतील. लावला नाही. फार अदबीने म्हणाले, "नाना, इथे चहा नाही, पान नाही, गादी नाही, उधारी नाही. त्यात वाचतं ते मी आधीच भावातून काढलंय. आता तुम्हाला दोन आणे सोडले तर मागच्या गिऱ्हाइकाचे दोन आणे मी चोरले असं होईल ना?"

असं बोलणं दुकानदाराला शोभत नाही. दुकानदाराने खोटं बोलावं, मुलांच्या शपथा घ्याव्यात, मग आपल्याला पुढची चाल सुचते. हा माणूस खरं बोलायला लागला तर मी काय करणार? मी छत्री उचलली, "चला हो" म्हटलं. बरोबर कोणी नव्हतं, पण सवय. आणि पाठ फिरवली.

दार ओलांडलं. हाक नाही. पायरी उतरलो. हाक नाही. म्हटलं हा पक्का दिसतोय, रस्त्यावर आल्यावर हाक मारणार. रस्त्यावर आलो. कोपऱ्यावर लिंबाचं झाड आहे, त्याच्या पलीकडे गेलं की दुकानातून माणूस दिसत नाही. तेव्हा लिंबाखाली थांबलो. चैत्राचं ऊन, जळगावचं ऊन. सावलीत माणूस थांबला तर कोणी संशय घेत नाही. वहाणेतला खडा काढला. नसलेला खडा दुसऱ्या वहाणेतूनही काढला. येणारे-जाणारे विचारू लागले, "काय नाना, कुनी वाट पाही ऱ्हायनात?" कुणाची म्हणून सांगू? शेवटी तिथून बैल हाकत जाणाऱ्या एका गाडीवानानेच "ओ भाऊ!" म्हणून हाक मारली आणि मी दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. तो मला रस्त्यातून बाजूला हो म्हणत होता. धोतराला चाकाचं वंगण लागलं ते अजून निघालेलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर सल्ल्यांचा पाऊस. मंदाबाईंचं मत पडलं की मी फार भरभर चाललो असणार. हिलालआबा म्हणाले, "कायद्यात धरा त्याला. तुम्ही जकातीत ना? काढा एखादा नियम." मी जकात नाक्यावर कारकून आहे हे खरं, आणि माणूस रागावला की आबांचंसुद्धा ऐकतो. दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळी बाडं उपसली. घासाघीस न करू देणं हा अपराध आहे असं कुठे लिहिलेलं सापडलं नाही. भांडाराच्या मालाची जकात तरी बुडाली असेल म्हणून पावत्या काढल्या. एकूण एक जकात भरलेली, आणि पावत्यांवर सह्या माझ्या. साहेबांनी विचारलं, "तोताराम, काय शोधताय?" म्हटलं, "काही नाही साहेब, जुनं काम तपासतोय." साहेब खूष झाले आणि त्यांनी आणखी तीन वर्षांचं जुनं काम तपासायला दिलं.

दुसरी युक्ती मात्र माझी स्वतःची होती, आणि अजूनही म्हणतो, युक्ती नामी होती. पुन्हा भांडारात गेलो, पुन्हा लुगड्याला हात लावला, पुन्हा दोन आण्यांचं बोलणं झालं आणि पाठ फिरवताना छत्री मुद्दाम मेजावर विसरलो. आता कुठे जाशील? दुसऱ्याची छत्री राहिली तर भला माणूस हाक मारणारच. एकदा हाक मारली की मी वळणार, वळलो की बोलणं पुन्हा सुरू, आणि हाक मारून बोलावलेल्या गिऱ्हाइकाला रिकामं पाठवत नसतात. लिंबापर्यंत गेलो. हाक नाही. डोकं तापलं, नुसतं रागाने नव्हे, छत्री नव्हती ना! तसाच तणतणत घरी आलो तर दारात झिपरू उभा. झिपरू म्हणजे भांडारातला सायकलवाला गडी, अवजड सामान घरपोच देतो. हातात माझी छत्री.

"शेठनी धाडी. म्हने, नानांना उन्हात परत यायचा तरास नको."

छत्री नीट पुसून, दोरा बांधून दिली होती. मी ती हिसकावली आणि घरात शिरताना अशी गरकन फिरवली की खुंटीवरच्या कंदिलाची काच खळ्ळकन फुटली.  आमची मंडळी केरसुणी घेऊन आली. 

"आखाजी आली," काचा भरत ती म्हणाली. "पोरगी काय नेसनार?"

 दोन आण्यांच्या ऐटीपायी मी लेकीची पहिली आखाजी घालवणार होतो. कोण बघणार होतं मला दोन आणे देताना? ठरवलं, भर दुपारी जायचं, पेठ झोपलेली असते, गुपचूप चिठ्ठीवरचे पैसे मोजायचे आणि यायचं. बस्त्याला नाही बोलावलं तर नाही बोलावलं.

गेलो. दांडी रिकामी होती.

"लुगडं?" मी विचारलं.

"गेलं, नाना," नूर महंमद म्हणाले. "सकाळीच." ते आणखी काही बोलणार होते, पण मी थांबलो नाही. हाकेची वाट बघितली नाही. लिंबाखालीही थांबलो नाही. घरी जाताना लेकीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

घराजवळ आलो तर झोक्याची करकर ऐकू आली. पुष्पा धुळ्याहून आली होती. अंगणातल्या झोक्यावर उभी, आणि अंगावर जांभळं लुगडं, पिवळा काठ! मला बघून तिने उडी टाकली आणि वाकून नमस्कार केला.

"नाना! आईने सांगितलं मला. दोन आणे कमी करून आणलंत म्हणे तुम्ही! मी तिकडे सासूबाईंना सांगणारच आहे, आमच्या नानांपुढे एक-भाववाल्याचंही चाललं नाही म्हणून."

मी यशोदाबाईकडे बघितलं. ती चुलीकडे बघत होती. तिने स्वतः जाऊन चिठ्ठीवरचा भाव मोजला होता आणि लेकीला ही थाप मारली होती, माझ्यासाठी. मोठं सुंदर खोटं होतं ते. मी ते गिळलं आणि वर पुरणपोळ्या आणि आमरसही गिळला. इतकी गोड आखाजी मी कधी खाल्ली नाही.

पण भिंतीपलीकडे मंदाबाई राहतात ना!

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झिपरू सायकल टाकून धापा टाकत आला. "नाना, चला! बठ्ठी पेठ दुकानमा शे. म्हनतस, नानाले दोन आना सोडात, आम्हले भी सोडा. नहीतर बोर्ड उतारा!"

यशोदाबाईचा चेहरा उतरला. "मी जास," ती म्हणाली. "मनं खोटं शे, मी सांगस."

"तू बस," मी म्हटलं. "पुष्पा ऐकतेय."

भांडारात पाय ठेवायला जागा नव्हती. साबण घेतलेले, तपेली घेतलेले, सगळे दोन आण्यांसाठी भांडत होते. काहींच्या वस्तूची किंमतच दोन आणे नव्हती, तेही दोन आणे मागत होते. हिलालआबा पुढे उभे राहून जमादारी आवाजात म्हणत होते, "एकाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा? मग हा बोर्ड कशाला?" आणि नूर महंमद तेच तेच सांगत होते, "कुणालाच सोडले नाहीत हो," आणि कोणी ऐकत नव्हतं. त्यांना सहज सांगता आलं असतं, लुगडं नानांच्या घरच्या बाईंनी नेलं, पुरते पैसे दिले. एका वाक्यात ते सुटले असते. पण त्यांनी माझं नाव घेतलं नाही, माझ्या घरातल्या माणसाचं तर नाहीच. चष्मा पुसत उभे होते. महिन्याभरात या माणसाने गावात नाव कमावलं ते दोन आण्यांपायी मातीत जाणार, हे मला दिसत होतं. त्याला दिसत नसेल का?

लोकांनी मला वाट दिली. "या नाना, या, तुम्हीच सांगा!"

मी कोणाशी बोललो नाही. सरळ कंदिलांच्या मेजाकडे गेलो. एक काच उचलली. दोन बोटांत धरली नाही, चांगली दोन्ही हातांत धरली. चिठ्ठी वाचली, खिशात हात घातला आणि चिठ्ठीवर होते तेवढे पैसे मेजावर ठेवले. तोंडातून एक शब्द काढला नाही. हसलो नाही, पाठ फिरवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

 पेठेने मला आजारी पाहिलंय, पण असं नव्हतं पाहिलेलं.

हिलालआबा पुढे सरले. "नाना, भाव?"

"लिहिलाय ना त्यावर."

"आणि... लुगड्याचा?"

"त्याच्यावरही लिहिलेला होता," मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे हातातल्या तपेलीचे पैसे काढून मेजावर ठेवले, चिठ्ठीप्रमाणे. त्यांच्यामागून एकेक करून सगळ्यांनी. मी काच उपरण्यात गुंडाळली आणि निघालो. आता बस्ता नाही, आमंत्रण नाही, कापडवाल्याच्या गादीवरचा चहा नाही. लोक वाट देत होते, पण माझ्या तोंडाकडे कोणी बघत नव्हतं. मीही नाही बघितलं.

पायरी उतरलो. रस्त्यावर आलो. लिंबापाशी पोचलो असेन नसेन, तोच मागून आवाज आला, सगळा बाजार ऐकेल असा:

"अहो तोतारामनाना! ओ नाना!"

मी चालत राहिलो. पहिल्या हाकेला वळायचं नाही. पण पाय आपोआप मंदावले, ते माझ्या हातात नव्हतं.

"नाना! असं कसं जाता? या, या इकडे! चहा घेऊन जा!"

मग वळलो, सावकाश. नूर महंमद भांडाराच्या पायरीवर उभे होते. त्यांच्यामागे दारात आमची सगळी पेठ, पुढे हिलालआबा, तोंड उघडं टाकून. झिपरू समोरच्या हॉटेलातून कपबशी घेऊन पळत येत होता.

"इथे चहा नसतो ना?" मी लिंबाखालूनच विचारलं.

"दुकानाचा नाही," नूर महंमद म्हणाले. "माझ्या खिशातला आहे. भावात धरलेला नाही."

मी परत गेलो. पायरीवर बसून, सगळ्यांच्या समोर, तो चहा बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायलो. हिलालआबांनी झिपरूला हळूच विचारलं, "आम्हालाही?" झिपरू म्हणाला, "नही आबा. हाऊ फक्त नानांना."

पुढच्या महिन्यात आबांच्या नातीचा बस्ता होता. मला आमंत्रण आलं.